साडूचे स्वतःचे पत्ते

"अवो, थांबवा की गाडी," मालन मागून माझा सदरा ओढत म्हणाली. "ते वर बगा. तुमचं साडू."

मी वर बघितलं आणि गाडी बंद पडली. कार्बोरेटरमध्ये कचरा होता असं नंतर मिस्त्री म्हणाला, पण मिस्त्रीला काय कळतंय. शिरोळच्या चौकात विजेच्या दोन खांबांना बांधून एक फ्लेक्स लावला होता. तो इतका मोठा होता की त्याच्या सावलीत एक म्हैस, एक भाजीवाली आणि एक माणसं कोंबून नेणारी वडाप जीप अशी तिघं निवांत उभी होती. फ्लेक्सवर माझा साडू उत्तम हेरवाडे. डोळ्यांवर काळा गॉगल, कानाला मोबाइल आणि पाठीमागं पृथ्वीचा गोळा. गोळा साडूपेक्षा लहान होता. खाली लिहिलं होतं: 'हेरवाडे नेटवर्क, कुरुंदवाड यांना इंटरनेटचे स्वतःचे पत्ते मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' आणि कोपऱ्यात, 'आशीर्वाद' या शब्दाखाली, आमच्या दोघांच्या सासऱ्यांचा, तात्यांचा, फेट्यातला फोटो.

तो फोटो बघून माझ्या पोटात जे पेटलं, त्यावर आधण ठेवलं असतं तर पंगतीचा भात झाला असता.

"सत्यनारायण कशाचा ते आत्ता कळलं," मालन म्हणाली. "रतननं फोनवर नुसतं या म्हणून सांगितलं."

रतन तिची धाकटी बहीण, उत्तमची बायको. पूजेसाठीच आम्ही जयसिंगपुराहून कुरुंदवाडला निघालो होतो. त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. मी इतर गोष्टी थोड्या वाढवून सांगतो असं लोक म्हणतात. ही मात्र वाढवायची गरजच पडली नाही.

आधी धंद्याचं सांगतो, म्हणजे जळण कशाचं होतं ते कळेल. जयसिंगपुरात केबल मी आणली. गच्चीवर पहिली डिश चढवली तेव्हा गल्लीतल्या बायका विचारायला आल्या, एवढ्या मोठ्या परातीत काय मळणार म्हणून. पुढं त्याच वायरीतून इंटरनेट द्यायला लागलो. आता इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता लागतो, त्याशिवाय त्याच्याकडं काही पोचत नाही. माझ्यासारखा बारका धंदेवाला ज्या मोठ्या कंपनीकडून लाईन घेतो, तिचेच पत्ते वापरायला घेतो. लाईन सोडली की पत्ते परत. माझे पत्ते असे पुण्याच्या एका कंपनीचे होते. अनेक वर्षं त्यांनी मला झोप लागू दिली होती. हा फ्लेक्स बघेपर्यंत.

कुरुंदवाडला पोचलो तर चौरंगावर केळीचे खुंट, मधे देव आणि देवाच्या शेजारी लॅपटॉप. लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलेलं, वर झेंडूचं फूल. तात्या समोरच्या खुर्चीत बसले होते. तात्या म्हणजे शिरोळच्या नदीवरच्या पाणीपुरवठा संस्थेचे जुने सचिव. गावाचं पाणी कुणाच्या रानात कधी जायचं हे तीस वर्षं त्यांनी ठरवलं, त्यामुळं माणूस समोर आला की आधी त्याची तहान किती हे बघायची सवय.

"यावा महिपतराव," तात्या म्हणाले. "बसा हितं. हे उत्तमराव सकाळधरनं कायतरी दावतो म्हणत्यात. तुम्ही आल्याबिगर बघत न्हाई म्हटलं."

उत्तमनं फूल बाजूला सारलं आणि लॅपटॉप उघडला. रतन मला दाजी म्हणते म्हणून तोही दाजीच म्हणायचा.

"तात्या, हा आमचा एक पत्ता. हितं टाकला की जगात कुणीबी बघू दे, काय येतंय बघा."

पडद्यावर इंग्रजीत आलं, हेरवाडे नेटवर्क, कुरुंदवाड.

"अमेरिकेत बघितलं तरी हेच?" तात्यांनी विचारलं.

"अमेरिकेत, जपानात, कुठंबी. आता दाजी, तुमचा एक सांगा की."

नाही म्हणायला हवं होतं. पण भरल्या घरात काय नाही म्हणणार? सांगितला. पडद्यावर पुण्याच्या कंपनीचं नाव आलं. साजणीकर हे माझं नाव कुठं बारीक अक्षरातसुद्धा नव्हतं.

तात्यांनी चष्मा वर केला. "म्हंजे महिपतराव कुळानं हायत म्हणा की."

आत बायका हसल्या. रतनचा आवाज मला वेगळा ओळखू आला. मालनचा आला नाही.

तात्या माझ्याकडं वळले. "महिपतराव, मग हे स्वतःचं बरं का वापरायला घेतलेलं बरं?"

"तात्या," मी म्हणालो, "जेवणाऱ्यानं ताट कुणाच्या नावाचं हाय ते बघावं का ताटात काय हाय ते बघावं?"

"व्हय, तेबी खरंच," तात्या म्हणाले आणि लॅपटॉपवरची त्यांची नजर उठली ती परत तिकडं गेली नाही.

उत्तमचं तोंड असं उतरलं की गुरुजींनी विचारलं, उपास बाधला का म्हणून. मला शिरा फार गोड लागला. दोनदा मागून घेतला.

घरी येताना जयसिंगपूरच्या वेशीवर मालन मागून म्हणाली, "ताटाचं बरं सुचलं तुमास्नी."

"मग!"

"पर ताट त्या पुणेवाल्यांचंच हाय न्हवं?"

शिरा तिथंच आंबला.

*

आणि पुण्याच्या कंपनीला हे कुठूनतरी ऐकू गेलं असावं. महिना झाला नसेल तोच त्यांचा फोन, आम्ही लहान गावांतला धंदा बंद करतोय, सणाच्या आत दुसरी सोय बघा, आमचे पत्ते आमच्याकडं परत येतील.

लाईनची चिंता नव्हती. सांगलीची एक कंपनी लाईन द्यायला तयार होती. पण म्हणाली, लाईन पाहिजे तेवढी घ्या, पत्ते आमच्याकडंच कमी आहेत, तुमचे तुम्ही आणा. जगातलेच जुन्या तऱ्हेचे पत्ते संपत आलेत म्हणे. मी म्हटलं, जग काय फक्त मलाच बघून संपतंय का?

माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं चौगुले अण्णांची पतसंस्था. तिच्या झाडून साऱ्या शाखा मी दिलेल्या पत्त्यांवर एकमेकींशी बोलायच्या. पतसंस्था गेली तर माझ्याकडं उरणार होत्या त्या रात्री मालिका बघणाऱ्या म्हाताऱ्या. अण्णांना जाऊन सांगितलं.

"मागं एकदा बदलून दिलंस," अण्णा म्हणाले. "तवा आठवडाभर माझी दानोळीची शाखा जयसिंगपूरला ओळख दाखवत नव्हती. आता परत बदलायचं म्हणतोस?"

"एकदाच अण्णा. परत न्हाई."

"परत न्हाई कशावरनं? पत्ते तुझं हायत का?"

मी त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट फिरवला.

"कुरुंदवाडच्या हेरवाडेंचं त्यांच्या नावावर हायत म्हणे. त्यांनी कुणाचीबी लाईन घेऊ दे, पत्ता हलत न्हाई. त्यांचा माणूस येऊन सांगून गेला. तुझं साडूच न्हवं ते?"

"व्हय," मी म्हणालो. एवढा कडू शब्द मराठीत दुसरा नसेल.

साडूकडं जायचं नाही हे मी पतसंस्थेच्या पायरीवरच ठरवलं. हुबळीला एक एजंट होता, तो असले पत्ते महिन्याच्या भाड्यानं द्यायचा. घेतले. सकाळी जोडले, दुपारपर्यंत सगळं झकास. दुपारी बाराव्या गल्लीतून पाटील मास्तरांचा फोन.

"महिपती, माझ्या कॉम्प्युटरवर एक बाई नाचतीया आणि कुठल्या भाषेत बोलतीया कळंना."

"मास्तर, तुम्ही काय उघडलंय?"

"हवामान उघडलंय रे!"

मग रांग लागली. कुणाला फुटबॉलच्या जाहिराती, कुणाला कॉफीच्या. सराफाला म्हणे समुद्रकाठची घरं विकायला आली. अण्णांच्या पतसंस्थेनं बँकेचं पान उघडलं तर बँक म्हणाली, आपण भारताबाहेरून आला आहात, आत घेता येत नाही. ते पत्ते आधी ब्राझीलमध्ये कुणाकडं तरी होते आणि जगाच्या हिशेबी अजून तिथंच होते. अख्खं जयसिंगपूर आठवडाभर ब्राझीलमध्ये राहिलं. पाचव्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याला तिकडची हवा मानवली, त्याचा दमा गेला, असं तो अजून सांगतो. मी त्याला खोटं कशाला पाडू?

अण्णांनी मात्र बोलावून घेतलं. "महिपती, सणापर्यंत थांबतो. तुझ्या बापाकडं बघून. तवर माझी पतसंस्था भारतात आण. आणि परत कुणी हलवणार न्हाई असं कर. न्हाई तर मी हेरवाडेंना हो म्हणतो."

संध्याकाळी मालन भाकरी थापत म्हणाली, "हे पत्ते मुळात वाटतं कोण?"

"दिल्लीला हापिस हाय."

"मग हुबळीला कशाला गेला?"

दुसऱ्या दिवशी दिल्लीला फोन लावला. एक बाई बोलल्या, आवाज इतका गोड की मी उभा राहिलो. माझ्या हिंदीवर त्यांनी बरेच उपकार केले. म्हणाल्या, कुणीही कंपनी, संस्था, कॉलेज थेट आमच्याकडून पत्ते घेऊ शकतं, एजंट लागत नाही. आधी सभासद व्हायचं. कंपनीचे कागद दाखवायचे. मग जाळं कसं आहे, यंत्रं कुठली, गिऱ्हाइकं किती, वर्षभरात किती पत्ते खरोखर लागतील, ते सांगायचं. जुन्या तऱ्हेचे पत्ते थोडेच उरलेत म्हणून लहानसा गठ्ठा मिळेल, नव्या तऱ्हेचे लांबलचक पत्ते मात्र भरपूर. एवढं सगळं माझ्याकडं होतं.

"और आपको दो लाईन चाहिए ना?" बाई म्हणाल्या. "दो अलग कंपनियों की. तभी आपका नेटवर्क अपने नंबर से दुनिया के सामने खड़ा होगा. दूसरी कंपनी कौन सी है?"

पहिली सांगलीची. दुसरी... मी सगळा तालुका डोळ्यांपुढं आणला. उसाच्या फडातून दुसरी लाईन एकच येत होती. कुरुंदवाडची.

"मॅडम," मी म्हणालो, "दूसरा कोई चलेगा नहीं क्या? हमारा साडू है वो."

"साडू मतलब?"

"मतलब... रिश्तेदार."

"फिर तो बहुत अच्छा!" बाई म्हणाल्या. "हम उनसे पूछ लेंगे. वो हाँ कह दें, बस."

*

उत्तमचं ऑफिस घाटाच्या रस्त्यावर. मी गेलो तेव्हा त्यानं उठून खुर्ची दिली, पंखा माझ्याकडं वळवला आणि बासुंदी मागवली. बासुंदी संपली, तर आणखी मागवली. माणूस एवढी बासुंदी पाजायला लागला की समजावं, पुढं काहीतरी कडू येतंय.

मी सगळं सांगितलं. अण्णा, सण, दिल्लीच्या बाई. ब्राझील तेवढं गाळलं.

"ब्राझीलचं ऐकलं मी," उत्तम म्हणाला.

"हं."

"दाजी, लाईन द्यायला माझं काय जातंय? तात्यांच्या माडीवर एक खांब उभा करू. कुरुंदवाडचा सिग्नल तिथं, तिथनं जयसिंगपूर. दिल्लीचा फोन आला की हो म्हणतो."

मी पाण्याचा ग्लास उचलला. एवढं सोपं?

"पर एक काम करा," तो म्हणाला. वाटीकडं बघत म्हणाला, माझ्याकडं नाही. "तात्या बसलेले असताना हे मला विचारा."

"काय विचारा?"

"हेच. पत्ते कसं मिळवायचं. उत्तमराव, मला कळंना, तुम्ही सांगा, असं."

"तुला माहीत हाय मला माहीत हाय ते! दिल्लीला मीच फोन केलाय."

"तरीबी."

"आणि न्हाई विचारलं तर?"

उत्तमनं शेवटचा बासुंदीचा थेंब बोटानं पुसून चाटला. मोठा माणूस, फ्लेक्सवरचा, पण मला त्या वेळी तो पंगतीत वाढप्यानं विसरून पुढं गेलेला पोरगा दिसला. मला त्याचा अर्थ लागला नाही. मला वाटलं, मला खाली बसवायचंय याला. सासऱ्यासमोर नाक घासून घ्यायचंय.

घरी येऊन मी भांड्यांवर राग काढला. एक पातेलं तर इतकं लांब गेलं की उदगावच्या रेल्वे पुलावर सापडलं.

"विचारत न्हाई! धंदा बुडू दे. बापजन्मात विचारणार न्हाई!"

मालन पातेलं आणायला गेली नाही. चुलीपुढं बसून म्हणाली, "विचारलं तर काय जीभ झडतीया?"

"तुला काय! तुझ्या बापासमोर विचारायचंय."

"म्हणूनच सांगते. माझ्या बापानं उत्तमरावांना आजवर एक गोष्ट तरी विचारलीया का? म्हस घ्यायची, महिपतरावांना विचारा. रानात बोअर मारायची, महिपतरावांना विचारा. रतनच्या पोराचं नाव काय ठेवायचं, तेबी तुमास्नी विचारून. पोरगं त्यांचं! आणि तुम्ही कोण? केबलवालं."

"मी थोरला जावई हाय."

"व्हय. तेवढं एकच जमलंय तुमास्नी, माझ्याशी आधी लगीन करायचं."

मला वाटायचं आग माझ्याच घरात लागलीय. धूर कुरुंदवाडात इतक्या वर्षांपासून होता हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि कळल्यावर दया यायला हवी होती ना? आली नाही. उलट बरं वाटलं. म्हटलं, पृथ्वीचा गोळा पाठीमागं लावून हा माणूस जळतोय कुणावर, तर माझ्यावर! दोन दिवस मी छाती पुढं काढून हिंडलो. तिसऱ्या दिवशी अण्णांचा निरोप आला, सण जवळ आला म्हणून.

*

रविवारी सकाळी शिरोळला तात्यांच्या सोप्यात आम्ही तिघं. उत्तम लग्नाला आल्यासारखा पांढऱ्या कडक कपड्यांत. तात्या पान जुळवत होते. मालन आणि आमच्या सासूबाई आतल्या दारात, गहू निवडत, कान बाहेर.

मी घसा खाकरला. उत्तमनं खुर्चीत सरळ होऊन गुडघ्यांवर हात ठेवले.

"उत्तमराव," मी म्हणालो. "ते पत्ते... दिल्लीकडनं... कसं मिळवायचं वो? मला काय ते कळंना झालंय."

तात्यांचा चुना लावता लावता हात थांबला.

उत्तमनं सुरुवात केली आणि लगेच चिखलात गेला. इंग्रजी शब्दांवर इंग्रजी शब्द. तात्यांनी दोनदा जांभई दिली. मला आतून गुदगुल्या व्हायला लागल्या. मग तो थांबला. रुमालानं मान पुसली.

"तात्या," तो म्हणाला, "आपल्या संस्थेचं पाणी कसं मिळायचं?"

"कसं म्हंजे? आधी सभासद व्हायचं."

"मग?"

"मग रान किती, पीक काय, ते दावायचं. एक एकर ऊस लावून दहा एकराचं पाणी मागितलं की मी हाकलून द्यायचो."

"दिल्ली तेच म्हणती. गिऱ्हाईक किती, यंत्रं किती, दावा. तेवढंच देणार."

"बरं करत्यात."

"आणि पाणी मिळालं म्हंजे नदी मालकीची झाली का?"

"अरं हॅट! पाळी मिळती. नदी कुणाच्या बापाची?"

"हेबी तसंच. पत्ते आपल्या नावावर चढत्यात, पर विकायला न्हाईत. वापरायचं. न्हाई वापरलं तर परत. आजवर दाजी दुसऱ्याच्या पाटातनं पाणी घेत होते. पाटवाल्यानं दार टाकलं की पीक वाळलं. आता त्यांची स्वतःची पाळी पाहिजे. आणि पाळीवाल्याला दोन पाट लागत्यात, एक फुटला तरी दुसरा हाय. एक सांगलीचा. दुसरा मी देतोय. तुमच्या माडीवरनं."

आतल्या दारातलं गहू निवडणं थांबलं होतं. खरं सांगतो, मला हे इतकं नीट दिल्लीच्या बाईंनीसुद्धा सांगितलं नव्हतं. आणि तेच मला बोचलं. हा माणूस चांगला सांगत होता. किती वर्षं त्यानं हे तात्यांसाठी मनात घोळवून ठेवलं असेल कुणास ठाऊक. पूजेच्या दिवशी लॅपटॉप उघडला तेव्हा हेच बोलायचं होतं त्याला, आणि मी ताट मधे घातलं.

तात्यांनी पान तोंडात टाकलं, चघळलं. आणि सवयीनं, जशी म्हैस दावणीकडं वळते तसे, माझ्याकडं वळले.

"महिपतराव, हे म्हणत्यात ते खरं हाय का?"

उत्तमचे गुडघ्यांवरचे हात सैल पडले. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. जमिनीकडं बघत बसला.

माझ्या हातात त्या क्षणी सगळं होतं. 'तसं खरं हाय, पर...' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. त्या 'पर'च्या पुढं काय घालायचं तेही जिभेवर तयार होतं. लाईन त्यानं दिलीच असती. तात्यांची माडी, तात्यांचा शब्द, त्याला मागं सरता आलं नसतं. पतसंस्थाही राहिली असती आणि मीही तात्यांच्या शेजारी जिथं होतो तिथंच राहिलो असतो.

"मला काय विचारताय तात्या?" मी म्हणालो. "मला कळत असतं तर एवढ्या लांब कशाला आलो असतो? उत्तमरावास्नी विचारा."

तात्यांनी खुर्ची उचलली. खरोखर उचलली, सरकवली नाही. आणि उत्तमच्या समोर नेऊन ठेवली.

"बरं मग उत्तमराव, ती आपली मळ्यातली मोटर. चालू केली की हुंकार देती आणि बसती. काय असंल?"

उत्तमनं मोटरीवर अर्धा तास सांगितलं. सगळं चुकीचं. कपॅसिटर गेलेला होता, मला बसल्या जागी कळलं होतं. मी जीभ इतकी जोरात चावली की त्या दिवशी मटणाचा रस्सा पिता आला नाही.

*

तात्यांच्या माडीवर खांब उभा राहिला. दिल्लीच्या बाईंनी उत्तमला विचारलं आणि त्यानं हो म्हटलं. नुसतं हो नाही म्हटलं, बाईंना म्हणे पाण्याच्या पाळीचं सगळं परत सांगितलं, हिंदीत. सणाच्या आधी माझ्या नावानं पत्ते आले. पतसंस्था भारतात परत आली. मी कॉम्प्युटरवर माझा पत्ता टाकून बघितला. साजणीकर, जयसिंगपूर. अमेरिकेतही हेच दिसत होतं. मी इतक्या वेळा बघितलं की अमेरिकेलाही पाठ झालं असेल.

अण्णांनी पेढे मागवले. मला वाटलं, आता पोटातलं सगळं शांत होईल.

पण शिरोळला गेलो की तात्या म्हणायचे, "उत्तमराव आले न्हाईत का बरोबर?" नवीन म्हैस आणली तर उत्तमरावांना विचारून. गोठ्याला पत्रा घालायचा का कौल, उत्तमराव. माझ्यासमोर मला चहा द्यायचे, पाणी द्यायचे, प्रकृती विचारायचे. विचारत नव्हते फक्त मला. आता कुणाच्या पोटावर आधण ठेवायचं सांगा.

मग पावसाळा संपता संपता एके सकाळी तात्यांचा फोन आला. नाव बघून मी चहाचा कप खाली ठेवला, उठून बाहेर आलो, घसा साफ केला.

"बोला तात्या!"

"महिपतराव, बरं झालं उचलला. उत्तमरावांचा फोन लागंना बगा. त्यास्नी जरा विचारून सांगता का, औंदा हरभरा कवा पेरू?"

"विचारतो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

उत्तमला लावला. पहिल्या रिंगला उचलला. तात्यांचा प्रश्न सांगितला.

"दाजी," तो हळूच म्हणाला, "खरं सांगू का? मी मुद्दाम उचलला न्हाई. मला हरभऱ्यातलं काय कळतंय? मोटरीचंबी माझं चुकलंवतं. तुम्ही इतकी वर्षं काय सांगायचा?"

"मी?" मी मागं वळून बघितलं. दारात मालन उभी होती, हातात सूप. "मला तरी कुठलं कळतंय? मी हिला विचारून सांगायचो."

फोन स्पीकरवर नव्हता, तरी मालनला सगळं ऐकू गेलं होतं. तिनं सुपातलं फोलपाट वाऱ्यावर सोडलं.

"दसरा होऊ दे म्हणावं, ओल बघून टाका," ती म्हणाली. "नाव कुणाचं घालायचं ते तुम्ही दोघं ठरवा."